उसनवारी झाली, पण दाखवतात तिथे नव्हे

डिसेंबर लागला की मोबाइलवर एक यादी फिरू लागते. रोमनांचा देव मिथ्रास २५ डिसेंबरला कुमारिकेच्या पोटी जन्मला, त्याला बारा शिष्य होते, तो मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. इजिप्तच्या होरसचे तेच, आशिया मायनरमधल्या ॲटिसचे तेच, आणि शेवटी आपला कृष्ण. तात्पर्य काय, तर येशू म्हणजे जुन्या देवांची नक्कल. यावर येणारी उत्तरेही तितकीच ठोकळेबाज असतात: ख्रिस्ती धर्मात बाहेरचे काहीच आलेले नाही, सारखे दिसते तो योगायोग, नाहीतर सैतानाची करामत. दोन्ही बाजूंना मुळात वाद जिंकायचा असतो, त्यामुळे पुराव्याकडे कुणी फिरकत नाही. माझे म्हणणे असे की आरंभीच्या ख्रिस्ती श्रद्धेत जुन्या दैवतकथांचा अंश आहे, चांगला भरपूर आहे. पण यादी बोट दाखवते तिथे तो नाही. आणि जिथे आहे तिथे तो सापडला म्हणून ती श्रद्धा खोटी ठरते, हा तर्क लंगडा आहे.

आधी यादीचा समाचार घेऊ. मिथ्रास कुमारिकेपोटी जन्मला हे कुठे आहे? रोमन साम्राज्यात त्याची शेकडो शिल्पे सापडली. त्याच्या जन्माची जी शिल्पे आहेत त्यांत तो खडकातून वर येतो, हातांत खंजीर आणि मशाल घेऊन. खडकालाच कुमारिका म्हणायचे असेल तर बोलणेच खुंटले. तो बैल मारतो. स्वतः मरत नाही, तेव्हा तिसऱ्या दिवशी उठण्याचा प्रश्न येत नाही. बारा शिष्यांचे मूळ तर गमतीचे आहे. बैल मारण्याच्या काही शिल्पांभोवती बारा राशींची कमान कोरलेली असते. त्या राशींनाच कुणीतरी शिष्य करून टाकले. या पंथाचा एकही धर्मग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. आहेत ती भुयारी देवळे, शिल्पे, त्रोटक कोरीव लेख आणि बाहेरच्यांनी केलेले उल्लेख. शिवाय रोमन मुलखातल्या या पंथाचे अवशेष पहिल्या शतकाच्या अखेरीपासून मिळू लागतात, म्हणजे नव्या करारातली, येशूचा प्रचारक पौल याची पत्रे लिहून झाल्यावर. ‘पण मित्र तर ऋग्वेदातला!’ असे इथे कुणीतरी म्हणणारच. मित्र ऋग्वेदात आहे, इराणी परंपरेतही आहे. पण रोमच्या भुयारात बैल मारणारा मिथ्रास त्या जुन्या देवाकडून नावापलीकडे किती घेऊन आला, यावर अभ्यासकांचेच एकमत नाही.

होरसची आई इसिस ही ओसायरिसची बायको. ओसायरिसला मारून त्याचे तुकडे केले गेले, ते तिने गोळा केले आणि त्या मृत नवऱ्यापासून तिला गर्भ राहिला. इजिप्तमध्ये अबायडॉस इथल्या सेती पहिल्याच्या मंदिरात हा प्रसंग कोरलेला आहे: ओसायरिस आडवा पडलेला आणि त्याच्यावर घारीच्या रूपात इसिस. विलक्षण कथा आहे, पण ती कुमारी मातेची नव्हे. कृष्णाबद्दल मराठी वाचकाला काय सांगायचे? देवकीचे ते आठवे अपत्य, आणि शेवट जरा नावाच्या व्याधाच्या बाणाने. तरी १८७५ साली अमेरिकेत कर्सी ग्रेव्ह्ज या गृहस्थांनी क्रुसावर चढलेल्या सोळा तारणहारांचे पुस्तक काढले आणि त्यात कृष्णालाही खिळे ठोकले. आपल्याकडे पु. ना. ओक यांनी ख्रिस्ती धर्म म्हणजे मूळची कृष्णनीती असे ठासून मांडले. ज्या कृष्णाला क्रुसावर चढवले तो भागवतात नाही, महाभारतात नाही, हे तपासायला आपल्या लोकांना तरी इंग्रजी पुस्तकाची गरज नव्हती.

२५ डिसेंबरचे प्रकरण मात्र इतक्या सहज निकालात निघणारे नाही. सम्राट ऑरेलियनने २७४ साली रोममध्ये ‘अजिंक्य सूर्या’चे मंदिर उभारले हे खरे. पण त्याच तारखेला सूर्याचा जन्मोत्सव होता याचा सर्वांत जुना स्पष्ट पुरावा ३५४ सालचा. फिलोकलस नावाच्या सुलेखनकाराने वॅलेंटिनस नावाच्या एका ख्रिस्ती धनिकासाठी त्या वर्षी एक देखणी दिनदर्शिका तयार केली. मूळ प्रत गेली, पुढच्या नकला उरल्या. तिच्यातल्या सरकारी सणांच्या पानावर २५ डिसेंबरसमोर लिहिले आहे: अजिंक्याचा जन्म, रथांच्या तीस शर्यती. सूर्याचे नावसुद्धा तिथे नाही, पण तो सूर्यच असे बहुतेक सगळे मानतात. आणि याच संग्रहात, हुतात्म्यांच्या यादीत, त्याच तारखेला दुसरी नोंद: यहूदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्ताचा जन्म. दोन्ही जन्मांची पहिली पक्की नोंद एकाच बाडात! मग कुणी कुणाचे घेतले? दुसऱ्या बाजूला हिशेबाचे उत्तर आहे. इ. स. २००च्या सुमारास ख्रिस्ती लेखक तर्तुलियन येशूच्या मृत्यूची तारीख २५ मार्च देतो. गर्भधारणा आणि मृत्यू एकाच तारखेला, अशी समजूत पुढे संत ऑगस्टिन नोंदवतो. २५ मार्चला नऊ महिने जोडा, २५ डिसेंबर हातात. मला हे उत्तर बरेच पटते, पण पुरते नाही. हवी ती तारीख काढून देणारे हिशेब सगळ्याच धर्मांत सापडतात. सूर्याची ओढ खरी होती. पाचव्या शतकाच्या मध्यावर पोप लिओ पहिला प्रवचनात वैतागून सांगतो की संत पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्या चढून आलेले ख्रिस्ती लोक दारात पाठ फिरवून आधी उगवत्या सूर्याला वाकतात. तारीख सूर्याकडून आली असेल किंवा हिशेबातून. पण ती आली तेव्हा ख्रिस्ती श्रद्धेला तीन शतके होऊन गेली होती. तीनशे वर्षे जन्मतारखेवाचून चाललेल्या धर्माचे मूळ त्या तारखेत कसे शोधायचे?

आता विरुद्ध बाजूचे जे खरोखर जड मुद्दे आहेत ते घेतले पाहिजेत, कारण ते यादीत नसतातच. पहिला साक्षीदार ख्रिस्तीच आहे. १५५च्या आसपास हुतात्मा जस्टिन रोमच्या सम्राटाला उद्देशून लिहितो की आम्ही येशूबद्दल जे सांगतो ते तुमच्या झ्यूसपुत्रांबद्दल तुम्ही सांगता त्याहून नवे नाही. मिथ्रासच्या दीक्षेत भाकर आणि पाण्याचा प्याला ठेवतात हेही तोच सांगतो, आणि दुष्ट आत्म्यांनी प्रभुभोजनाची नक्कल केली असे त्याचे कारण देतो. म्हणजे साम्य ही आजच्या नास्तिकांनी काढलेली कुरापत नाही. ते दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती माणसाच्या डोळ्यांना दिसत होते. पण जस्टिन हे कशासाठी लिहितो ते पाहा. ख्रिस्ती म्हणून माणसे मारली जात होती, आणि तो वकिली करत होता: तुमच्या कथा चालतात, मग आमचीच का खुपते? बचावाच्या वकिलाने दाखवलेले साम्य हा उगमाचा कबुलीजबाब होत नाही.

दुसरा मुद्दा याहून भारी. आशिया मायनरमधल्या प्रिएने गावी सापडलेला इ. स. पू. ९चा शिलालेख म्हणतो की या देवाचा, म्हणजे ऑगस्टसचा, जन्मदिवस हा त्याच्यामुळे जगाला मिळालेल्या शुभवार्तांचा आरंभ आहे. म्हणून यापुढे वर्षाची सुरुवात त्या दिवसापासून करावी. तारणारा, देवाचा पुत्र, शांती, शुभवार्ता ही सारी भाषा सम्राटपूजेत रुळलेली होती. आता नव्या करारातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडा. पहिल्याच ओळीत ऑगस्टसचे नाव, त्याचा शिरगणतीचा हुकूम. आणि थोडे खाली देवदूत मेंढपाळांना सांगतो, मोठ्या आनंदाची सुवार्ता, तुमच्यासाठी आज तारणारा जन्मला आहे. ही भाषा पेगन, म्हणजे अनेक देव पूजणाऱ्या, जगातूनच उचलली, यात मला शंका वाटत नाही. पण का उचलली? सम्राटासाठी घडवलेले शब्द गोठ्यातल्या पोराला लावणे म्हणजे सम्राटाला शह देणे. शह देणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याच्याच पटावर खेळावे लागते.

चित्रकलेत तर उसनवारी लपवण्याचा प्रयत्नही नाही. व्हॅटिकनच्या संत पेत्र मंदिराखालच्या जुन्या दफनभूमीत एका छतावर किरणांचे वलय असलेला, घोड्यांच्या रथातला ख्रिस्त आहे. सूर्यदेव हेलिओसची हुबेहूब ठेवण. रोमच्या तिसऱ्या शतकातल्या दगडी शवपेट्यांवर योना माशाच्या पोटातून सुटून वेलीखाली पहुडलेला दिसतो. नागवा, देखणा, एक हात डोक्यामागे टाकलेला. यहुदी संदेष्टा असा कसा? कारण ती चंद्रदेवीच्या प्रियकराची, झोपलेल्या एंडिमिअनची प्रचलित ठेवण होती आणि कारागिराच्या हाताला तीच सवय होती. त्यावरून योनाची गोष्ट एंडिमिअनवरून आली असे कुणी म्हणणार नाही. तिबेरियसजवळच्या हम्मथ इथल्या यहुदी सभास्थानाच्या फरशीतही चौथ्या शतकातला हेलिओस राशिचक्राच्या मधोमध उभा आहे, आणि ते लोक तर मूर्तीच्या बाबतीत ख्रिस्ती लोकांपेक्षा कडक.

उरतो गाभा: मेलेल्याचे पुन्हा उठणे. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझरने १८९०मध्ये मरून उठणाऱ्या देवांचा एक सबंध वर्गच तयार केला: ओसायरिस, ॲडोनिस, ॲटिस, तम्मुझ. पुढे या वर्गाची बरीच पडझड झाली. ओसायरिस पृथ्वीवर परतत नाही, तो मृतांचा राजा होतो. ॲटिसच्या उठण्याचे पुरावे उशिराचे. पण म्हणून सगळेच मोडीत काढता येत नाही. स्वीडिश अभ्यासक ट्रिग्वे मेटिंगर यांनी २००१मध्ये दाखवून दिले की काही प्राचीन पौर्वात्य देव, निदान कनानचा पर्जन्यदेव बाल आणि मेसोपोटेमियाचा दुमुझी (तम्मुझ तोच), मरून परततात, आणि ख्रिस्तापूर्वी कितीतरी आधी. हे मान्यच करायला हवे. पण बालचे परतणे पाऊस आणि पिकाशी बांधलेले. दरवर्षी मरण, दरवर्षी परतणे. पौल करिंथकरांना ५५च्या आगेमागे लिहितो तेव्हा ख्रिस्त एकदाच मेला, एकदाच उठला, आणि ते ‘शास्त्रलेखाप्रमाणे’ झाले असे दोनदा बजावतो. कुठले शास्त्र? यहुद्यांचे. पुनरुत्थानाची कल्पना यहुद्यांत कशी रुजली हे मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात वाचावे. राजा अँटिओखस डुकराचे मांस खायला लावतो, सात भाऊ नकार देतात आणि आईच्या डोळ्यांदेखत एकेक मारले जातात. मरताना म्हणतात, विश्वाचा राजा आम्हांला पुन्हा उठवील. इथे पीक नाही, ऋतू नाही. ज्यांना न्याय मिळाला नाही त्यांचा हिशेब देव चुकता करणार, हा हट्ट आहे. क्रुसावर मारलेल्या गुरूचे अनुयायी हीच भाषा बोलत होते. ज्या समाजाने डुकराच्या मांसापायी पोटची पोरे गमावल्याच्या कथा सांगितल्या, त्याच्यातली माणसे वीस-पंचवीस वर्षांत शेजाऱ्यांचे देव जोडून आपला तारणारा तयार करतील? आता, यहुद्यांच्या या कल्पनेवर इराणच्या पारशी धर्माची छाया आहे का? इ. स. पू. ५३९ला सायरसने बाबिलोन घेतल्यावर यहुदी दोन शतके इराणी राज्यात राहिले, तेव्हा शक्यता दाट आहे. पण मग चर्चा इराण आणि यरुशलेमची होते. मिथ्रास आणि नाताळची नव्हे.

आणि इथेच खरी उसनवारी सुरू होते, जिच्याकडे यादीवाल्यांचे लक्ष नाही. १९२९मध्ये सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा इथे उत्खनन सुरू झाले आणि उगारित हे शहर सापडले. इ. स. पू. १२००च्या सुमारास ते उद्ध्वस्त झाले होते. तिथल्या मातीच्या विटांवर बालची महाकथा होती. तिच्यात बालने लोतान मारल्याचा उल्लेख येतो: पळता सर्प, वेटोळ्यांचा सर्प, सात मस्तकांचा. बायबलातल्या यशयाचा सत्ताविसावा अध्याय काढा: परमेश्वर लिव्याथानाला, चपळ सर्पाला, वेटोळ्यांच्या सर्पाला शिक्षा करील. विशेषणांची जोडीच्या जोडी तीच, फक्त मारणारा बदलला. मस्तके यशयात नाहीत, पण स्तोत्रसंहितेच्या चौऱ्याहत्तराव्या स्तोत्रात लिव्याथानाची अनेक मस्तके ठेचलेली आहेत. आणि पहिल्या शतकाच्या शेवटी नव्या करारातल्या प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात अजगर येतो तो मोजून सात मस्तकांचा. तसेच मेघांचे. मेघांवर आरूढ होणारा ही बालची बिरुदावली. दानीएलाच्या दृष्टान्तात मेघांसह मानवपुत्रासारखा कुणी येतो. आणि मार्कच्या शुभवर्तमानात प्रमुख याजकापुढे उभा असलेला येशू म्हणतो, मानवपुत्राला आकाशातल्या मेघांसह येताना तुम्ही पाहाल. हजार-तेराशे वर्षांची ही साखळी आहे आणि तिच्या कड्या लिखित आहेत. विशेष म्हणजे हे कुणी चोरून आणलेले नाही. ते यहुदी ग्रंथांत शतकानुशतके मुरलेले होते. ख्रिस्ती लेखकांना ते बालचे आहे हे ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

नाकीडोळी सारखी दोन माणसे दिसली म्हणून त्यांची सोयरीक लागत नाही. मधली माणसे दाखवावी लागतात. याची कडू चव आपण स्वतः चाखलेली आहे. १८६९मध्ये लोरिन्सर या जर्मन पंडिताने भगवद्गीतेतली वचने बायबलशेजारी मांडून गीतेने ख्रिस्ती ग्रंथांतून घेतले असे जाहीर केले. त्याआधी दोन वर्षे आल्ब्रेख्ट वेबरने कृष्णजन्माच्या उत्सवात ख्रिस्ती छटा पाहिली होती. टिळकांनी गीतारहस्याच्या परिशिष्टात लोरिन्सरला उत्तर दिले ते गळा काढून नव्हे, कालनिर्णय मांडून. तेच टिळक पुढे मात्र पारडे उलटे फिरवतात: अशोकाच्या शिलालेखात ग्रीक राजांची नावे आहेत, म्हणजे बौद्ध भिक्षू तिकडे गेले असणार, यहुद्यांमधल्या एसीन संन्याशांवर त्यांचा ठसा पडला असणार आणि तिथून ख्रिस्ती धर्मावर. तेराव्या शिलालेखात ती नावे आहेतच. पण धर्मविजयाची घोषणा झाली म्हणजे मृत समुद्राकाठी कुणाचे मन पालटले असे होत नाही. १९४७पासून कुमरानच्या गुहांतून जी बाडे निघाली, आणि जी बहुतेक अभ्यासक एसीनांशीच जोडतात, ती टिळकांना पाहायला मिळाली नाहीत. ती मुळापासून यहुदी आहेत. दुसरीकडे रा. गो. भांडारकर १९१३मध्ये शांतपणे शक्यता मांडतात की गोकुळातल्या बालदेवाची पूजा, कदाचित ख्रिस्ताच्या नावासकट, आभीर या गुराखी जमातीने बाहेरून आणली असावी. वासुदेवभक्ती जुनी हे त्यांना पक्के ठाऊक होते. आपल्या नाणेघाटातल्या सातवाहन लेखातच संकर्षण-वासुदेवांना वंदन आहे. त्यांची शंका फक्त गवळ्याच्या पोराबद्दल होती. आभीरांची ही उपपत्ती पुढे फारशी टिकली नाही. पण वेबरच्या साम्याला ‘पुरावा कुठे’ म्हणून विचारायचे आणि ओकांच्या साम्याला मान डोलवायची, हे कसे चालेल?

आणि समजा उसने घेतल्याचे सिद्ध झाले. मग काय? फादर थॉमस स्टीफन्सने १६१६मध्ये गोव्यात रायतूरला ख्रिस्तपुराण छापले. सुमारे अकरा हजार ओव्या, छंद आपल्या संतांचा, स्वर्गाला वैकुंठ म्हणायलाही त्याने मागेपुढे पाहिले नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक तर तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. स्टीफन्सची ओवी आणि वैकुंठ उसने आहे. त्याला सांगायचे होते ते उसने नव्हते. श्रद्धा खरी की खोटी याचा निवाडा वेगळ्या कोर्टात लागतो. तो कसाही लागो, त्यात शब्द आणि चित्रे कुठून आली हा पुरावा म्हणून दाखल करून घेता येत नाही.

ख्रिस्ती परंपरेत एक कथा अशी आहे की तिची उसनवारी पायरीपायरीने दाखवता येते, आणि तिचे एक टोक मुंबईत आहे. संत जोसाफत हा भारतीय राजपुत्र. तो संन्यासी होणार असे भाकीत होते म्हणून बाप त्याला महालात कोंडतो; त्याला रोगी दिसतो, म्हातारा दिसतो, मृत्यूची जाणीव होते; बार्लाम नावाचा तपस्वी भेटतो आणि राजपुत्र ख्रिस्ती होतो. ही बुद्धाची कथा. ती अरबी, मग जॉर्जियन, मग ग्रीक आणि लॅटिन अशी गेली. प्रत्येक भाषेतली प्रत उपलब्ध आहे आणि बोधिसत्त्वाचा जोसाफत कसा झाला ते प्रतींमधून बघता येते. रोमन चर्चच्या संतांच्या यादीत २७ नोव्हेंबरला त्याचे नाव लागले. हे साम्य ओळखणाऱ्या पहिल्या युरोपियनांपैकी एक म्हणजे गोव्यात राहणारा पोर्तुगीज इतिहासकार दिओगू दू कौतू. मुंबईच्या साष्टी बेटावरची कान्हेरीची लेणी पाहायला तो गेला, तेव्हा एका म्हाताऱ्याला त्याने विचारले, हे कुणी कोरले? म्हातारा म्हणाला, संत जोसाफताच्या बापाने, मुलाला जगापासून दूर ठेवण्यासाठी. कौतूला ते पटले, आणि त्याने लिहून ठेवले की इकडचे लोक ज्याला ‘बुदाव’ म्हणतात तो बहुधा आपला संत जोसाफतच असावा. साम्य त्याने बरोबर हेरले होते. कोण आधीचा, हे तेवढे उलटे झाले. ज्या भिंतींवर त्याचे उत्तर होते त्यांच्यासमोरच तो उभा होता; कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांची नावे तिथे कोरलेली आहेत, बुद्धाची कथा ग्रीकमध्ये जाण्यापूर्वी कित्येक शतके. पण ती ब्राह्मीत होती, आणि ब्राह्मी वाचता येईपर्यंत अजून दोनशेहून जास्त वर्षे जायची होती.